लाल देवळाचा यजमान कोण?

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका व्याख्यानात पडद्यावर पुण्याच्या कॅम्पातील ‘लाल देवळा’चे छायाचित्र आले. तांबड्या विटांची इमारत, टोकदार कमानी, उंच मनोरा आणि त्यावर घड्याळ. हे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे, असे वक्त्याने सांगितले आणि त्यानंतरच्या पाऊण तासाच्या प्रश्नोत्तरांत त्या इमारतीचा विषयच निघाला नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, साऱ्या जगाने ज्यूंना हाकलले तेव्हा आपण त्यांना आश्रय दिला, हे आजच्या पिढीला ठणकावून सांगितले पाहिजे. आणि बोलता बोलता त्यांनी या आश्रयाचा हिशेब भलत्याच एका धर्माच्या लोकांच्या खाती मांडायला सुरुवात केली. त्यांना उत्तर द्यायला एक तरुण उठला. गाझात माणसे मरत असताना सिनेगॉगच्या आठवणी काढणे हेच मुळात राजकारण आहे, असे त्याचे म्हणणे. टाळ्या दोघांनाही पडल्या. ती इमारत कोणी बांधली, तिला देऊळ कोण म्हणू लागले, तिच्याशी नाते सांगणारी माणसे घरात कोणती भाषा बोलत होती, यांपैकी एकही प्रश्न सभागृहातून आला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या इतिहासाला सरसकट ‘आश्रय’ हा शब्द लावणे चूक आहे, आणि त्या इतिहासाला इस्राएल या राष्ट्राच्या इतिहासाची पुरवणी समजणेही तितकेच चूक आहे. वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या उरावर बसलेली दिसतात. पण कोकणात कित्येक शतके तेलाचा घाणा चालवणाऱ्या, आडनावापुढे ‘कर’ लावणाऱ्या माणसाला मराठी माणूस म्हणून मोजायची तयारी त्या दोघांपैकी एकाचीही नाही. पहिल्यासाठी तो पाहुणा, दुसऱ्यासाठी परक्या राष्ट्राचा माणूस. सिनेगॉगचा इतिहास हा मराठी मुलखाच्या घरातला इतिहास आहे. त्यात अभिमानाच्या जागा आहेत, तशा मान खाली घालायला लावणाऱ्याही आहेत, आणि त्या दोन्ही आपल्याच आहेत.

आश्रय म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४० च्या सुमारास सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे पिटाळलेली ही माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, त्यांची नाटके होत होती. युद्ध संपल्यावर ती निरनिराळ्या देशांत निघून गेली, मागे काही कबरी राहिल्या. त्यांची मुले-नातवंडे अजूनही इथे येतात, गहिवरतात, आणि आपल्यालाही बरे वाटते. या हकिकतीत आल्याची तारीख आहे, गेल्याची तारीख आहे, संकट कोणते ते माहीत आहे आणि दार कोणी उघडले तेही माहीत आहे. आश्रय हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. आता हीच मोजपट्टी कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला लावून पाहू. ते केव्हा आले? त्यांना परवानगी देणारा राजा कोण? अटी काय घातल्या?

बेने इस्राएलांची परंपरागत कथा अशी की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि बाकीच्यांना त्यांनी तिथेच पुरले. नवगावचे ते दफनस्थान आजही दाखवतात. या कथेशेजारी पारशांची संजाणची कथा ठेवावी. तिथे जाधव राणा आहे, त्याच्या अटी आहेत, दुधाने काठोकाठ भरलेले भांडे आहे आणि त्यात विरघळणारी साखर आहे. म्हणजे यजमान आहे, पाहुणा आहे आणि दोघांमधला करार आहे. नवगावच्या कथेत राजा नाही, दरबार नाही, करार नाही. आहे तो समुद्र, प्रेते आणि ती पुरणारे हात. एखाद्या समाजाच्या मूळकथेतच जर यजमान नसेल, तर आपण होऊन त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ही दंतकथा झाली, तिला कागदाचा आधार काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे. गलबत फुटल्याचा काळ कोणी इसवी सनापूर्वीचा धरतो, कोणी बराच नंतरचा. त्यावर पैज लावण्यात अर्थ नाही. युरोपीय लेखनात ‘बेने इस्राएल’ हे नाव १७३८ मधील एका मिशनऱ्याच्या पत्रात येते, म्हणजे तेही तसे अलीकडचेच. पण माझा मुद्दा गलबताच्या तारखेवर उभा नाही. अठराव्या शतकात बाहेरच्या जगाने जेव्हा त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते रायगडच्या गावोगाव आधीच मुरलेले होते. चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, आणि त्यावरून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विसावा), तोरा (त्यांचा धर्मग्रंथ), सिनेगॉग हे शब्द गावाला ठाऊक नव्हते; शनिवारी या घरचा बैल जुंपला जात नाही एवढेच ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे होते. आपल्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू न ठेवण्याची चाल कित्येक घरांतून होती. त्या चालीला जसे कोणी आश्रय दिला नव्हता, तसाच शनिवारच्या घाण्यालाही कोणी दिला नाही. गावाच्या रीतींत आणखी एक रीत, इतकेच.

इथे मात्र मला माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती नेमकी लाल देवळाचीच आहे. या सिनेगॉगचे खरे नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे दावीदाचा तंबू. ते बांधणारे डेव्हिड ससून कोकणातले नव्हते. बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून ते तिथून निसटले, इराणच्या किनाऱ्यावर काही काळ राहिले आणि १८३२ मध्ये मुंबईत आले. म्हणजे छळातून सुटून इथे आलेला ज्यू होता, श्रीमंत होता, आणि त्याला इथे सुखाने राहता आले, ही गोष्ट पूर्ण खरी. पण दार कोणी उघडले? मुंबई बंदर तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे होते. व्यापारी यावेत, जकात वाढावी, ही कंपनीची गरज होती, आणि ससून घराण्याने पुढे कापूस व अफूच्या व्यापारात जे कमावले ते याच व्यवस्थेच्या आधाराने. (अफूचा पैसा हा या घराण्याच्या दानशूरपणाखाली सारवून टाकलेला भाग आहे, चीनमध्ये त्या पैशाची काय किंमत मोजली गेली, हे लिहिल्याशिवाय ससूनचरित्र पुरे होत नाही.) तेव्हा हा आश्रय असलाच तर तो कंपनी सरकारचा. त्याचे श्रेय घ्यायला आज आपण पुढे सरसावतो, तर मग त्याच सरकारच्या बाकीच्या कृत्यांच्या वेळी मागे का राहायचे?

आणि हिशेबच मांडायचा असेल तर दुसरी बाजूही मांडावी. लाल देवळाचे बांधकाम १८६३ ते १८६७ मधले. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने त्याचा आराखडा केला. त्याच विल्किन्सने पुण्याच्या ससून रुग्णालयाचाही आराखडा केला आणि ते १८६७ मध्ये सुरू झाले. डेव्हिड ससून स्वतः १८६४ मध्येच पुण्यात वारले. त्यांची कबर सिनेगॉगच्या आवारात आहे. आजही पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात ‘ससूनला हलवला’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. व्हरांड्यात चादर अंथरून, शेजारी भाकरीचे गाठोडे ठेवून रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला ससून हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस बगदादचा ज्यू होता, हे बहुधा माहीतही नसते. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या छपराखाली कोण कोणाच्या आश्रयाला येते आहे?

बगदादी, म्हणजे ससूनसारखे बगदादकडून आलेले ज्यू, आणि बेने इस्राएल हे दोन निराळे समाज, ही गोष्ट या वादात कोणीच लक्षात घेत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. बगदादी घरात अरबी बोलत, पुढे इंग्रजी बोलू लागले. बेने इस्राएल मराठी बोलत. त्वचेचा रंग, पेहराव, रीतिरिवाज या सर्वांवरून बगदाद्यांनी बेने इस्राएलांना आपल्यापेक्षा कमी लेखले. १८३६ मध्ये मुंबईतल्या बगदादी मंडळींनी दफनभूमीत आपली जागा आणि बेने इस्राएलांची जागा यांच्यामध्ये भिंत घालून मिळावी अशी मागणी केली होती. मेल्यानंतरही शेजार नको! हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटते की नाही? पुण्यातही बेने इस्राएलांचे स्वतंत्र सिनेगॉग रास्ता पेठेत १९२१ मध्ये उभे राहिले. तेव्हा ‘ज्यू समाज’ असा एकसंध गोळा करून त्याला एकच प्रमाणपत्र देणे, मग ते गौरवाचे असो की संशयाचे, हे इतिहास न वाचल्याचे लक्षण आहे.

आता नावाकडे वळतो, कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते. मागे पुण्यात गेलो असताना रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हटले तर त्याने मान हलवली. लाल देऊळ म्हटल्याबरोबर त्याने मीटर टाकला. फाटकाशी लोखंडी अडथळे, खुर्चीवर पोलीस, हातात वही. आत जायचे तर आधी परवानगी लागते, तेव्हा मी समोरच्या पदपथावरून तो नव्वद फुटांचा मनोरा पाहिला आणि परतलो. पण मनात राहिला तो शब्द: देऊळ. पुण्यातल्या लोकांनी या वास्तूला देऊळ म्हटले. आणि मुंबईत? तिथले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. कंपनीच्या फौजेतला हा बेने इस्राएल अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडला होता. टिपूच्या आईने ‘बेने इस्राएल’ हे नाव ऐकून त्याला जीवदान देवविले आणि सुटल्यावर त्याने नवस फेडला, अशी समाजात चालत आलेली कथा आहे. दस्तऐवजात त्याचे नाव सॅम्युएल इझिकेल. घरात सामाजी, बापाचे नाव हसाजी. ‘जी’ लावल्याशिवाय बायबलातला संदेष्टाही मराठी घरात शिरत नव्हता, हे बघून मला नेहमी हसू येते. तर या दिवेकरांच्या सिनेगॉगला बेने इस्राएल स्वतःच ‘जुनी मशीद’ म्हणत आणि १८४० मध्ये झालेल्या दुसऱ्याला ‘नवी मशीद’. मध्य रेल्वेवरच्या मशीद स्थानकाचे नावही या जुन्या मशिदीवरूनच पडले, असे सांगतात. एकाच धर्माचे प्रार्थनास्थळ एका शहरात देऊळ आणि दुसऱ्यात मशीद. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती पाहत मोठे झालेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटू नये. परक्याला माणूस परक्या शब्दाने ओळखतो. ज्याला देऊळ आणि मशीद हे आपले हाताशी असलेले शब्द मिळतात, तो परका राहिलेला नसतो.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतील, शब्दांचा कीस पाडा हवा तेवढा, पण भारतात ज्यूंचा छळ झाला नाही हे तर खरे ना? आणि हे आम्ही म्हणत नाही, ज्यूच म्हणतात. हे मला मान्य आहे. बेने इस्राएल कुटुंबे हे वारंवार सांगतात, कृतज्ञतेने सांगतात, आणि युरोपात जे घडले ते डोळ्यांसमोर ठेवले तर ही गोष्ट लहान नाही. या भूमीवर ज्यूंचा धर्मावरून छळ मांडला तो पोर्तुगिजांनी. गोव्याच्या धर्मन्यायालयाने बाटवलेल्या ज्यूंचा पाठलाग केला. गार्सिया द ओर्ता या प्रख्यात वैद्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळले आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून काढून जाळली. आणि आपल्या काळात, २००८ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यू म्हणून हेरून माणसे मारली गेली, ती सीमेपलीकडून आलेल्या हल्लेखोरांकडून. लाल देवळापुढची पोलिसाची खुर्ची अशा घटनांची आठवण आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर हात टाकल्याचे उदाहरण मराठी मुलखात दाखवता येत नाही, हे मी वादासाठी नव्हे, मनापासून मान्य करतो.

परंतु छळ झाला नाही म्हणजे मान मिळाला, असे होते का? हा प्रश्न इतर कोठे नाही तरी कोल्हापुरात विचारता यायला हवा. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहू छत्रपतींना वेदमंत्रांचा अधिकार नाकारला गेला तेव्हा, त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावला नव्हता. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी कोणते मंत्र म्हणायचे एवढाच प्रश्न होता, रक्ताचा थेंब सांडला नव्हता, आणि तरीही त्या एका प्रसंगाने या संस्थानाचे पुढचे राजकारण बदलले. अपमानाला मारहाण लागत नाही, हे शिकवणाऱ्या गावात राहून आपण ‘आम्ही त्यांना मारले नाही’ हे मानपत्रासारखे वाचून दाखवावे? शनिवार तेली हा शब्द गोड वाटतो, पण तो जातीच्या उतरंडीतला एक पायरी-क्रमांक होता, आणि तेल्याची पायरी वरची नव्हती. बेने इस्राएलांनी ही उतरंड पुढे आपल्या घरातही आणली: ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असे दोन भाग पाडले, त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार होत नसे. ज्या धर्मग्रंथात जात नाही तो मानणाऱ्यांनी इथे येऊन जात शिकली. ती शिकवणारी शाळा कोणाची होती? त्यांना आपण सामावून घेतले हे खरे. ज्या साच्यात सामावून घेतले त्याचे नाव जात होते, हेही तितकेच खरे. कृतज्ञ असणे हा त्यांचा अधिकार आहे. ती कृतज्ञता गोळा करून दुसऱ्या अल्पसंख्याकाच्या अंगावर फेकण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. त्या व्याख्यानात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी नेमके तेच केले. टिपूच्या आईच्या कथेत सामाजीला जीवदान देणारी बाई मुसलमान आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय केले असते, याचे मला कुतूहल आहे.

दुसऱ्या बाजूच्या तरुणालाही मी सहज सोडणार नाही, जरी त्याच्या मनातली कळ मला अधिक जवळची वाटली. त्याचे म्हणणे व्यवहारात अगदीच निराधार नाही. ज्यूंच्या इतिहासाचे कार्यक्रम अलीकडे इस्राएलच्या समर्थनाचे कार्यक्रम होऊन बसतात, झेंडे लागतात, घोषणा होतात. गाझातल्या मृत मुलांविषयी बोलायचे सोडून आपण मनोऱ्यांचे कौतुक करत बसलो तर ते बघून एखाद्याला चीड यावी, हे स्वाभाविक आहे. पण चीड बरोबर असली तरी निष्कर्ष चुकतो. लाल देऊळ १८६७ चे, अलिबागचे सिनेगॉग १८४८ मध्ये उभे राहिलेले, जुनी मशीद १७९६ ची. इस्राएल हे राष्ट्र १९४८ चे. नातवाच्या वागणुकीचा जाब पणजोबाला विचारण्यासारखे हे आहे, आणि इथे तर तो नातूही धड त्याच्या घरातला नव्हे. कारण ज्या राष्ट्राशी यांना आज बिनबोभाट जोडले जाते, त्या राष्ट्राने यांना सुखासुखी आपले म्हटले नव्हते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी तिथे गेलेल्या काही बेने इस्राएलांनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि त्यांतले शंभरावर लोक खरोखर परतही आले. साठच्या दशकात तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी यांच्या विवाहांपूर्वी आई-आजीपर्यंतच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. ही माणसे खरे ज्यू आहेत की नाहीत, असा तो संशय. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले, आणि ऑगस्टमध्ये संसदेला ठराव करून सांगावे लागले की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. धरणे, ठिय्या, निर्धार: हे हत्यार ते कोठून घेऊन गेले होते ते सांगायला हवे का? बगदाद्यांनी दफनभूमीत भिंत मागितली, जेरुसलेमने वंशावळ मागितली, आणि आपण कृतज्ञता मागतो.

राहता राहिला तो सर्वांत रोकडा आक्षेप, जो सभेत कोणी मोठ्याने बोलत नाही पण चहाच्या वेळी हमखास निघतो: ती माणसेच आता राहिली नाहीत, मग त्यांच्या वास्तू, दफनभूमी, कागदपत्रे यांच्यासाठी सार्वजनिक पैसा आणि वेळ का खर्चावा? आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. १९५१ च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांवर ज्यू होते. २०११ मध्ये ती संख्या पाच हजारांच्याही खाली आली. कोणी हाकलले नाही, बहुतेक जण आपल्या मनाने गेले. धर्माची ओढ होती, आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल, पोलीस, जकात या खात्यांतल्या नोकऱ्यांचे काय होईल ही धास्तीही होती. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तोवर देण्यासाठी माणसे थोडीच उरली होती. हे सगळे खरे. पण वास्तू जपायची की नाही हे भाविकांच्या संख्येवर ठरते, असा नियम आपण पाळतो का? आपल्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात हाताच्या पंजावर राहील एवढी एक ब्राँझची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ती सापडली. ती पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनांच्या काळात तांबड्या समुद्राकडून येणाऱ्या मालाबरोबर ती कोकणच्या एखाद्या बंदरात उतरली आणि घाट चढून पंचगंगेच्या काठाला आली. पोसायडनचा एकही भक्त कोल्हापुरात नाही, कधी होता असेही दिसत नाही. तरी ती मूर्ती परत करा किंवा भंगारात घाला असे आजवर कोणी म्हटले नाही. उलट पै-पाहुण्यांना आपण ती अभिमानाने दाखवतो, कारण आपले गाव जगाशी जोडलेले होते याचा तो पुरावा आहे. ज्या दर्यामार्गाने हा देव आला त्याच मार्गाने माणसेही येत होती. देव आला तर वारसा, आणि माणसे येऊन शतकानुशतके घाणा चालवत राहिली तर ती पाहुणी?

पै-पाहुणे म्हटले म्हणून सांगतो. आपल्याकडे रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही ‘काय पाहुणं, कुठल्या गावचं?’ असे विचारतात, आणि त्याच शब्दाने लेक दिलेल्या घरालाही ओळखतात. व्याख्यानातल्या गृहस्थांनी ‘ते आपले पाहुणे’ म्हटले तेव्हा त्यांच्या मनात पहिला अर्थ होता. कोल्हापुरी शब्दाचा दुसरा अर्थ त्यांनी घेतला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

जी माणसे गेली त्यांनी भाषा मात्र बरोबर नेली. १९८० च्या दशकापासून इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक बेने इस्राएल मंडळी काढत आली आहेत. आणि इथे असताना त्यांनी भाषेत काय केले? वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचायची जी पोथी, हाग्गादा, ती मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली, ती गणपत कृष्णाजींच्या छापखान्याच्या मदतीने. म्हणजे ज्याने १८४१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले त्याच माणसाच्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढे कुराणाच्या मराठी भाषांतराला पैसा दिला याचे आपण योग्य ते कौतुक करतो. बेने इस्राएलांना कोणा महाराजांनी पैसा दिला नव्हता. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या शिक्षकाने हिब्रू प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या, आणि १८८० च्या सुमारास तर मंडळी अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तने करू लागली, तीही साकी-दिंडीच्या चालींवर. मराठी साहित्याच्या इतिहासात मिशनऱ्यांना प्रकरण मिळते. या कीर्तनांना तळटीपही क्वचितच मिळते, आणि मला विचाराल तर ‘आश्रय’ शब्दाने केलेले खरे नुकसान हे आहे. पाहुण्याने आपल्या भाषेत काही लिहिले असेल, असे यजमानाच्या मनातच येत नाही.

पुढच्या वेळी कोणी पडद्यावर लाल देवळाचे चित्र दाखवणार असेल, तर त्याने त्याच्या आधी दुसरे एक चित्र दाखवावे. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हाग्गादातले ते आहे. सणासाठी बिनखमिराच्या भाकरी करण्याचे काम चालले आहे. वर हिब्रू अक्षरे, आणि चित्रातल्या बायका अंगावर लुगडी नेसून, जमिनीवर बसून पिठाला लागलेल्या आहेत.